खंडेनवमीचं कुंकू आणि मशीनचं तेल

मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव. जुनं जाऊ द्या, नव्याला वाट करून द्या, असं बजावणारी ‘तुतारी’ त्यांनी १८९३ साली लिहिली. त्याच कवीचं जुनं जन्मघर आज जपून ठेवलेलं आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे स्मारक उभारलं आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. यावर कोणी हसेलही. पण या विसंगतीच्या तळाशी एक खरा प्रश्न आहे. जुनी वस्तू राखणं हे कर्तव्य आहे की नुसता लळा? कर्तव्य असेल तर ते कोणाचं देणं लागतं? निर्जीव वस्तूचं देणं माणूस लागू शकतो का? घर, मूर्ती किंवा पोथी घेऊन हा प्रश्न सोडवायला बसलं की भावना आधीच कौल देऊन मोकळ्या होतात. म्हणून उदाहरण साधं घ्यावं. कोकणातल्या कितीतरी घरांत पडवीच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर एक काळं, लोखंडी शिलाई मशीन पडलेलं असतं. त्याचं चाक अडकलेलं असतं, पट्टा तुटलेला असतो, वर जुन्या चादरी रचलेल्या असतात. ते भंगारात द्यावं की दुरुस्त करावं?

या मशीनचा इतिहास फार लांबचा नाही. अमेरिकेत इलायस हॉवेने १८४६ साली पेटंट घेतलं, आयझॅक सिंगरने १८५१ साली. पुढची पंचवीसेक वर्षं सरतात तोच सिंगरची मशीनं हिंदुस्थानात विकली जाऊ लागली, आणि हा व्यापार वाढवण्यात मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाचा मोठा हात होता. रोख रक्कम नसलेल्या शिंप्यालाही हप्त्यांवर मशीन मिळू लागलं. १९३०च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ तयार होऊ लागली आणि मशीन आणखी खालच्या थरांत पोचलं. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी स्त्रियांना जी कामं शिकवायची ठरवली, त्यांत शिवण होतं. आजही जिल्हा परिषदा गरजू बायकांना अनुदानावर शिलाई मशीन देतात. घराबाहेर पाय टाकायची मुभा नसलेल्या कितीतरी बायकांच्या हातात स्वतःचा पहिला पैसा आला तो या यंत्रामुळे. माळ्यावरच्या लोखंडात हे सगळं साठलेलं आहे. पण एवढ्यावरून ते राखलंच पाहिजे असं सिद्ध होत नाही. उपकाराची आठवण फोटोतही राहते.

उत्तराची पहिली खूण आपल्या रिवाजात सापडते. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला शिंपी मशीन पुसून त्याला हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. हा जडाची पूजा करणारा भाबडेपणा आहे, असं सुधारक म्हणेल. तसं असतं तर मशीन देव्हाऱ्यात गेलं असतं. ते जात नाही. पूजा आटोपली की त्याच मशीनवर पुन्हा कापड चढतं. पूजा होते ती साधनाच्या कामातल्या वाट्याची. गीतेच्या अठराव्या अध्यायात स्वकर्मानेच ईश्वराची पूजा करायला सांगितलं आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्या कर्माला फुलांचं रूप दिलं. नामदेव तर शिंपीच. गुरू ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदात मोजणं, कापणं आणि शिवणं यांतूनच नामस्मरण उभं राहतं. या परंपरेत साधन पवित्र ठरतं ते काम करतं म्हणून. मग निष्कर्ष अटळ आहे. जे साधन काम करू शकत असूनही आपल्या आळसाने बंद पडलं, त्याला वाहिलेलं कुंकू पोकळ आहे. खंडेनवमीची पूजा म्हणजे वर्षभर निगा राखण्याचं वचन, आणि वचन पाळायचं तर कुंकवाआधी तेल लागतं.

हे तेल घालणं वाटतं तितकं किरकोळ नाही. मालगुंडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात हवेतच मीठ असतं आणि पावसाळ्याचे चार महिने लोखंड कोरडं राहत नाही. तरी जाम झालेलं प्रत्येक मशीन गंजलेलंच असतं असं नाही. पुष्कळदा कोणीतरी घातलेलं खोबरेल किंवा गोडंतेल सांध्यांत चिकट होऊन बसलेलं असतं. तिथे जोर लावला तर दांडा मोडतो. रॉकेलचे थेंब सोडून वाट पाहावी लागते, चाक रोज थोडंथोडं हलवावं लागतं, आणि मळ सुटला की मशीनचंच पातळ तेल घालावं लागतं. वरची सोनेरी वेलबुट्टी स्पिरिटने पुसली तर वार्निशसकट निघून जाते. सिंगरच्या तळपाटावर कोरलेल्या क्रमांकावरून मशीनचं वय काढता येतं. आकड्यांआधी इंग्रजी अक्षर असेल तर ते १९०० किंवा त्यानंतरचं. शेवटची परीक्षा कापडावर होते. वरचा दोरा आणि बॉबीनचा दोरा यांची गाठ कापडाच्या पोटात बसली, वर किंवा खाली कुठे दिसली नाही, की ताण जुळला. ही परीक्षा वस्तूशी खोटं बोलू देत नाही. रंग लावून, पॉलिश करून दिवाणखान्यात ठेवलेलं मशीन पाहुण्याला फसवू शकतं, कापडाला फसवू शकत नाही.

इथे संग्राहक हरकत घेईल. तुम्ही नवी सुई, नवा पट्टा, लुधियानाचं शटल आणि दुसरंच टेबल बसवलंत, तर आता हे जुनं मशीन उरलंच कुठे? हरकत वजनदार आहे, आणि जुनीही. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतात की रथ म्हणजे चाक का, आस का, दांडी का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. रथ हे या सगळ्या अंगांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव आहे, इथपर्यंत तो संवाद येतो. नागसेनांना त्यातून माणसातही कायमचा आत्मा सापडत नाही हे दाखवायचं होतं. आपल्याला इतकं दूर जायचं कारण नाही. पण जुळणी कशासाठी, हे विचारलं की मशीनच्या बाबतीत उत्तर स्पष्ट मिळतं. टाका घालण्यासाठी. ज्या बदलाने टाका परत येतो तो मशीनला मशीन ठेवतो. ज्या जपणुकीत एकही सुटा भाग बदलला नाही पण टाका कायमचा गेला, तिने आकार वाचवला आणि वस्तू घालवली. याला एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. एखादं आरंभकाळातलं दुर्मीळ मशीन इतिहासाचा पुरावा असतं, आणि चालवण्याच्या हट्टापायी तो पुरावा नष्ट होत असेल तर ते संग्रहालयात स्थिरच राहावं. तिथे त्याचं काम बदललेलं असतं. ते आता कापड शिवत नाही, ज्ञान देतं. पण घरोघरची सिंगर किंवा उषा दुर्मीळ नाही. त्यांतल्या बहुतेकींची सुई आजही बाजारात मिळते.

दुसरी हरकत वैराग्याच्या बाजूने येते. अपरिग्रह शिकवणाऱ्या धर्मात मोडक्या यंत्राला कवटाळून बसणं हा मोहच नव्हे काय? मोह आणि निगा बाहेरून सारख्या दिसतात, पण त्यांना वेगळं करणारी कसोटी सोपी आहे. दुरुस्त झालेलं मशीन गरजूच्या हाती द्यायला मन तयार आहे का? असेल तर ती निगा. दहा मशीनं जमवून एकालाही कापड न दाखवणारा माणूस परिग्रहच करतो, मग त्याला छंद हे नाव द्या. उलट, चालू शकणारी वस्तू टाकून नवी आणणारा स्वतःला विरक्त म्हणवू शकत नाही. त्याने एका वस्तूऐवजी दोन वस्तूंचं लोखंड खर्ची घातलेलं असतं.

तिसरी हरकत प्रामाणिक आहे. या यंत्राने सगळ्यांचं भलं केलं नाही. नगावर मजुरी देणाऱ्या कारखान्यांत याच मशीनवर वाकून लोकांच्या पाठी आणि डोळे गेले. गांधीजींना १९२४ साली यंत्रविरोधाबद्दल विचारलं गेलं तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला. असं यंत्र घडवायला मोठा कारखाना लागणारच, हे दाखवून दिल्यावर त्यांनी तेही मान्य केलं, मात्र तो कारखाना राष्ट्राच्या मालकीचा किंवा सरकारच्या ताब्यातला असावा ही अट घातली. त्यांचा निकष यंत्राच्या वयाचा नव्हता, यंत्र माणसाच्या श्रमाला हातभार लावतं की माणसालाच पिळतं, याचा होता. पायाने चालणारं घरचं मशीन पाय थांबला की थांबतं. त्याची लगाम चालवणाऱ्याकडे असते. मशीनपायी झालेल्या अन्यायाचं उत्तर मशीन मोडणं हे नाही. ते कोणाच्या पायाखाली आहे आणि मजुरी कोण ठरवतं, हे बदलणं हे आहे.

याच निकषाने मालगुंडची विसंगतीही सुटते. केशवसुतांचा राग जुनेपणावर नव्हता. माणसाला उपयोगी न पडता त्याच्या छातीवर बसलेल्या रूढीवर होता. जे जुनं अजून काम करतं, ते त्या तुतारीच्या रोखात येतच नाही. निर्जीव वस्तूला हक्क नसतात, हे खरं. पण तिच्यात ज्यांचे श्रम आहेत आणि उद्या तिच्यावर ज्यांचं पोट चालू शकतं, त्या माणसांचं देणं आपण लागतो, आणि ते वस्तूची निगा राखूनच फेडता येतं. तेव्हा येत्या खंडेनवमीला माळ्यावरचं मशीन खाली काढा. त्याला तेल घाला, दोरा ओवा, एक टाका घालून पाहा. चाललं तर वापरा, किंवा ज्याला लागतं त्याला द्या. कुंकू त्यानंतर वाहा.