लाल ओळ कोणाच्या नावावर?

जालना जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीत दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्यांची बांधाबांध सुरू होते. आमच्या गल्लीत एक मुकादम काका राहतात. यंदा त्यांनी विचारलं, "पुण्यात तू नेमकं करतो काय?"

मी म्हणालो, "कंपनीला पुढच्या सहा महिन्यांत कुठल्या कामाला किती माणसं लागतील, याचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो."

काका हसले. "म्हणजे मुकादमीच की!"

तेव्हा मीही हसलो. नंतर ते वाक्य डोक्यातून जाईना. काकांच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आमच्या शीटमध्ये माणूस म्हणजे 'रिसोर्स', आणि तो दोन प्रोजेक्टांत विभागलेला असेल तर 0.5. ऊसतोडीत कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. आमच्याकडे प्रोजेक्ट नसलेला दिवस म्हणजे बेंच.

माणसांना असं आकड्यात मोजणं हाच अपमान आहे, असं आपण पटकन म्हणतो. मला ते पटत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने 1785 मध्ये मांडलेलं तत्त्व नेहमी सांगितलं जातं, की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्यातला 'केवळ' हा शब्द मात्र आपण गाळतो. एसटीचा ड्रायव्हर माझ्यासाठी घरी पोचण्याचं साधन असतोच. लग्नात पंगतीचा अंदाज बांधताना आपण माणसंच मोजतो, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

पण पंगतीचा अंदाज चुकला तर काय होतं? जेवण उरलं तर खर्च यजमानाचा, कमी पडलं तर लाजही यजमानाची. 'आमचा अंदाज चुकला, तेव्हा तुम्ही ताटावरून उठा,' असं पाहुण्याला कोणी म्हणत नाही. अंदाज ज्याचा, भुर्दंड त्याचा. मोजण्याची नीती इथे ठरते, असं मला वाटतं.

हे मला उशिरा कळलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने एका मोठ्या क्लायंटच्या भरवशावर भरती केली. इंजिनिअरिंगला माझ्यासोबत असलेला एक मित्रही तेव्हा आला, आधीची नोकरी सोडून. पुढे क्लायंटने काम लांबवलं आणि मित्र बेंचवर गेला. बेंचवर ठरावीक दिवस झाले की त्या माणसाची ओळ लाल व्हावी, ही अट डॅशबोर्डमध्ये मी लिहिली होती. चार ओळींचा कोड, अर्ध्या तासाचं काम. एका सोमवारी त्याची ओळ लाल झाली. गुरुवारी एचआरने त्याला खोलीत बोलावून सांगितलं, "स्वतःहून राजीनामा दिलात तर अनुभवाचं पत्र नीट मिळेल."

त्या शीटमध्ये त्याचं नाव होतं, त्याची कौशल्यं होती, बेंचचे दिवस होते. भरतीचा अंदाज कोणी केला होता, याचा रकाना मात्र नव्हता. चूक एकाची होती आणि लाल ओळ दुसऱ्याच्या नावावर होती.

हे एकाच कंपनीपुरतं नाही. बेंचचे दिवस मोजण्याची पद्धत या धंद्यात सगळीकडे आहे. 2025 च्या जूनमध्ये टीसीएसने नियम केला, की कर्मचाऱ्याने वर्षाला किमान 225 दिवस क्लायंटच्या कामावर असावं आणि बेंचवर 35 दिवसांपेक्षा जास्त राहू नये. पुढच्याच महिन्यात मनुष्यबळ सुमारे 2 टक्क्यांनी, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसांनी, कमी करणार असल्याचं कंपनीने जाहीर केलं.

कोणालाच कधी काढायचं नाही असं ठरवलं, तर कंपन्या नवी भरती करताना दहादा विचार करतील. त्याचा फटका परतूरसारख्या तालुक्यातून येणाऱ्या फ्रेशरलाच आधी बसेल. म्हणून कपात होऊच नये, असं मी म्हणत नाही. तिची किंमत कोणी द्यायची, एवढाच प्रश्न आहे. आपल्या कायद्याला तो जुनाच माहीत आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीसाठी महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई होती. पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी संधी द्यायची, असंही होतं. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही या तरतुदी आहेत. पण स्वतःहून दिलेला राजीनामा कपातीत धरला जात नाही. त्या खोलीत राजीनाम्याचा एवढा आग्रह का होता, हे मला नंतर समजलं.

काकांची वहीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. कारखान्याकडून आलेली उचल फिटली नाही तर आधी काका अडकतात, मग ते मजुराला अडकवतात. हंगाम वाईट गेला की बाकी पुढच्या वर्षावर चढते. तिथेही चूक उताराने वाहत सगळ्यात खालच्या माणसापाशी येऊन थांबते. मुकादमी आणि मी, आमच्यातलं खरं साम्य मोजण्यात नाही, या उतारात आहे.

पुण्याला परतल्यावर मी मॅनेजरला सांगितलं, की शीटमध्ये एक रकाना वाढवू या: हा माणूस कोणाच्या अंदाजावर घेतला, आणि तो अंदाज किती चुकला. तो म्हणाला, "आयडिया चांगली आहे, पुढच्या रिलीजमध्ये बघू." तो रिलीज होऊन गेला. रकाना आलेला नाही. मी अजून तिथेच काम करतो आणि लाल रंगाची ती अटही तशीच आहे.

मित्राला पाच महिन्यांनी कमी पगाराची नोकरी मिळाली. ती अट मी लिहिली होती, हे त्याला अजून माहीत नाही. हा लेख छापून आला की आधी त्यालाच पाठवणार आहे.