वाल सोडायचे का?

बाबा : आजपासून वाल, चवळी, हरभरा बंद. पोट तट्ट फुगतं, चारचौघांत बसवत नाही.

मी : त्रास खराच आहे, बाबा. पण कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा फोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच. त्या न पचता मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जीवाणू त्या आंबवतात. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड तिथे तयार होतो.

बाबा : जेवायचं मी, आणि फुगवायचं त्यांनी! कशाला पोसू त्यांना?

मी : त्याच आंबवण्यातून ब्युटिरेटही मिळतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची बहुतेक ऊर्जा त्यातून येते. जीवाणूंना उपाशी ठेवलं, तर या पेशींच्या तोंडचा घासही जातो.

बाबा : वायू न करणारे जीवाणू नाहीत?

मी : काहींच्या आतड्यात मिथेनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी नावाचा सूक्ष्मजीव असतो. हायड्रोजनचे 4 भाग आणि कार्बन डायऑक्साइडचा 1 भाग घेऊन तो मिथेनचा 1 भाग करतो. वायू घटतो खरा, पण मिथेनने आतड्याची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठ मागे लागू शकतं.

बाबा : म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मग शरीर माझं की त्यांचं?

मी : 2016 साली सेंडर, फुक्स आणि मायलो यांनी अंदाज मांडला. अंगात सुमारे 38 लाख कोटी जीवाणू, आणि आपल्या पेशी 30 लाख कोटी.

बाबा : जास्त आहेत म्हणून मालक झाले? दुखतं मला. ज्याला दुखतं, त्याचा शब्द आधी.

हे मला खोडता आलं नाही. आहारशास्त्र शिकवताना आम्ही जीवाणूंची बाजू इतकी लावून धरतो की कळ सोसणारा माणूस मागे पडतो.

मी : पटलं. पण कायमचं बंद करू नका. आतड्याच्या विकारात अशा आंबणाऱ्या शर्करा टाळणारा मोनाश विद्यापीठाचा आहार देतात, तोही काही आठवडेच. मग एकेक पदार्थ परत सुरू करतात, कारण तो फार लांबला तर बिफिडोबॅक्टेरिया कमी होतात.

बाबा : मोड आणून खाल्ले तर?

मी : भिजवून पाणी ओतून टाकलं, मोड आणले, की या शर्करा बऱ्याच घटतात. तंतू राहतात, जीवाणूंना ते पुरतात. दोन चमच्यांनी सुरुवात करू.

बाबा : दुखलं तर थांबणार. तुला विचारणार नाही.

मी : थांबा. पोट शांत झालं की पुन्हा एका चमच्याने सुरू करू.