गायरान कोणाचे?



कुरआनने माणसाला पृथ्वीवरील खलीफा म्हटले आहे (सूरह अल-बकरा, 30). खलीफा मालक नसतो; सोपविलेल्या वस्तूचा त्याला हिशेब द्यावा लागतो. व्यापारात व पैशात आपण हे सहज मान्य करतो. गावाबाहेरच्या माळापाशी मात्र विसरतो, कारण त्या जमिनीला आपण 'पडीक' असे नाव देऊन टाकलेले असते.

परभणीजवळच्या पेडगावसारख्या गावाचा विचार करा. काळी जमीन कापूस-सोयाबीनखाली जाते. लालकंधारी गाईला आणि शेळ्यांना उरते ते गायरान, बांध आणि ओढ्याचा काठ. पवन्या, मारवेल ही सकस गवते बी धरण्याआधीच दरवर्षी चरली गेली, की त्यांची मुळे दुबळी होतात आणि त्यांच्या जागी तरोटा माजतो. मग गाईचा चारा जातो, आणि त्याच आडोशाने राहणारे ससे, जमिनीवर घरटी करणारे चंडोल व तित्तिरही जातात. पशू-पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे सूरह अल-अनआम (38) सांगते. समुदायाचे घर मोडणे ही क्षुल्लक बाब कशी असेल?

उपाय अवघड नाही. पावसाळ्यात माळाचा एक भाग आळीपाळीने विसावू द्यावा, उन्हाळ्यात त्याला आग लावू नये. वृक्षारोपण हे पुण्यकर्म खरे. परंतु गवताळ माळाची जागा झाडांनी घेऊ नये. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली गेली. मोकळ्या माळावर वावरणाऱ्या माळढोकाला ती अडचणीची ठरली. सृष्टीतील मीजान, म्हणजे समतोल, राखायचा तर आधी तो ओळखावा लागतो.

खरा नैतिक प्रश्न पुढेच आहे. चराईबंदी झाली, तर तिची किंमत कोण मोजणार? मोठ्या शेतकऱ्याच्या दारी कडब्याची गंजी असते. दोन शेळ्यांवर घर चालविणाऱ्या विधवेने काय करावे?

इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीप्रमुख उत्तम कुरणे स्वतःसाठी राखून ठेवीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती प्रथा मोडली; राखीव कुरण, म्हणजे 'हिमा', केवळ अल्लाह व त्याच्या प्रेषितासाठी, अर्थात सार्वजनिक हितासाठीच असू शकते, असे ठरविले. पुढे हजरत उमर (र.) यांनी हिमावर हुनैय यांना नेमले, तेव्हा त्यांना बजावले, की थोडीशी उंटे, थोडीशी शेळ्या-मेंढ्या असणाऱ्याला आत येऊ द्या आणि पीडिताच्या शापाला भ्या. हजरत उस्मान (र.) व हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांच्या कळपांना मात्र त्यांनी मज्जाव केला, त्यांचे पशू मेले तरी त्यांना खजुरीच्या बागा व शेती होती, गरिबाला दुसरा आधार नव्हता. सहीह बुखारीत ही हकीकत आहे.

वाचकहो, येथे रक्षण आणि न्याय वेगळे नाहीत. 1979 साली माळढोक अभयारण्य 8,496 चौरस किलोमीटरचे झाले. त्यात लोकांची शेतेही आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, पक्ष्याविषयी रोष वाढला आणि अखेर ते क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. उलट नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने स्वतःच चराईबंदी केली आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. तेथे माळ हिरवा झाला आणि गोठाही.

म्हणून ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला, तर आपण गप्प बसू नये. माळ राखण्याचा आग्रह धरावा. त्याचबरोबर गरिबाच्या शेळीला कापलेल्या चाऱ्याचा पहिला वाटा मागावा. पोटासाठी तुकडा कसणारा भूमिहीन आणि कुंपण सरकविणारा धनिक यांना एका मापाने मोजू नये. आणि आपलेच कुंपण पुढे सरकले असेल, तर ते आधी मागे घ्यावे.

अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.