एकच नामोच्चार, दोन ईश्वरकल्पना
इ.स. ३२५ मधील नायसियाच्या धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले आणि त्यातूनच त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत एकच ईश्वर असल्याचा, सिद्धांत परंपरागत ख्रिस्ती धर्माचा पाया ठरला. १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात स्थापलेल्या मॉर्मन पंथाच्या मते मात्र हे तिघे हेतूने एक असले तरी स्वरूपाने वेगळे असून पित्यालाही मांसास्थींचा अविनाशी देह आहे. बाप्तिस्मा देताना दोन्हीकडे याच तिघांची नावे उच्चारली जातात. तरीही २००१ मध्ये व्हॅटिकनने मॉर्मन बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला, कारण शब्द तेच असले तरी त्यांमागील ईश्वरकल्पना वेगळी आहे. हा भेद झाकण्यापेक्षा आदराने समजून घेणे, यातच दोन्ही श्रद्धांचा खरा सन्मान आहे.