शंकेचा फायदा

दिवाळीच्या फराळाच्या ताटापाशी सापाचा विषय काढला म्हणून गृहिणींनी रागावू नये. विषय सापाचा दिसला तरी खरे म्हणजे तो माणसाच्या हौसेचा आहे. हौसेला मोल नाही, असे आपण सहज म्हणून जातो. मोल असते, पुष्कळदा ते दुसऱ्याच कोणीतरी चुकवलेले असते, इतकेच.

पश्चिम आफ्रिकेत घाना, टोगो, बेनिन या मुलुखांत एक लहानखुरा अजगर आढळतो. लांबी चार-पाच फूट, स्वभाव भित्रा. भ्याला म्हणजे अंगाचे वेटोळे करून डोके मध्ये खुपसतो आणि चेंडूसारखा गोल होतो. म्हणून त्याचे नाव बॉल पायथन. युरोप-अमेरिकेत लोक तो हौसेने घरात पाळतात. १९९९ साली आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या अशा सापांत एक निराळाच निघाला. पिवळसर अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा! पाहणारे हरखले. त्याची वीण वाढवली गेली आणि ‘स्पायडर’ या नावाने तो बाजारात गाजला.

पण या देखण्या सापाचे डोके थरथरते. ते एका बाजूला कलते, कधी उलटे होऊन आभाळाकडे पाहू लागते. भक्ष्यावर झेप घालावी तर नेम चुकतो. साप बिथरला की थरथर वाढते. कोणात हा दोष नावापुरता, तर कोणात इतका की आपण सुलटे आहोत की उताणे, हेही त्याला उमगत नाही.

सापाला बाहेरून कान दिसत नसला तरी आतला कान असतो. त्यात द्रवाने भरलेल्या अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. गवंड्याला जशी पाणसळ, तशा प्राण्याला या नलिका; तोल त्यांच्यावर राखायचा. २०२२ साली जर्मन संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने साध्या आणि ‘स्पायडर’ अजगरांचे आतले कान ताडून पाहिले. ‘स्पायडर’च्या नलिका आणि त्यांच्याजवळचा तोलाचा कोश बेढब निघाले. पाणसळच वाकडी, मग भिंत सरळ कशी यावी? आणि ज्या वारशाने ती जाळीदार नक्षी येते, त्याच वारशाने हा दोषही येतो. इतकी वर्षे वीण वाढवूनही नक्षी ठेवून थरथर काढून टाकणे कोणाला साधलेले नाही.

डोके थरथरणारा प्रत्येक साप असाच असतो असे मात्र नाही. बोआ आणि अजगर यांना एक विषाणूजन्य रोग होतो. त्यातही मान मागे वळते, तोल जातो. २०१२ साली त्याचे मूळ एका विषाणूत सापडले. गोचिडीसारखे बारीक किडे मारण्याचे औषध जास्त झाले तर सापाच्या मज्जातंतूंना विषबाधा होते. मासे खाणाऱ्या सापाला नित्य एकाच तऱ्हेचे, ‘ब-१’ जीवनसत्त्व नासवणारे मासे घातले, तर त्या जीवनसत्त्वावाचून त्याला झटके येतात. पेटी फार तापली तरी मेंदूला इजा होते. पण ही सारी दुखणी अज्ञानाची, हयगयीची किंवा दैवाची. मासा बदलता येतो, औषध बेताने वापरता येते, आजारी साप वेगळा ठेवता येतो. ‘स्पायडर’चे दुखणे निराळे. ते ठाऊक असून, नक्षीसाठी, मुद्दाम जन्माला घातलेले आहे.

बाळगणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, ‘आमचा साप खातो, वाढतो, अंडी घालतो. त्याला दुःख आहे हे कशावरून?’ वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका मुलाने याच्याही पुढचे विचारले, ‘सर, जन्मापासून जग फिरतेच दिसत असेल, तर ते फिरते आहे हे त्याला कळेल कसे?’ प्रश्न भाबडा नव्हता. सापाला ओरडता येत नाही, कण्हता येत नाही, चेहऱ्यावर आठी पडत नाही; पापणी नसल्याने डोळेही मिटता येत नाहीत. त्याचे दुःख छातीठोकपणे कोणी सिद्ध करील असे मला वाटत नाही. पण दुःख नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही.

न्यायालयात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, कारण तिथे गमावायचे असते ते त्याला. इथे गमावायचे कोणाला? माणसाचे गेले तर एक नक्षी जाईल. सापाचा जाईल तो उभा जन्मभराचा तोल. मग शंकेचा फायदा मुक्या पक्षकाराला मिळू नये काय?

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर आहे. ‘आम्ही ही वीण वाढवली नसती, तर हा साप जन्मालाच आला नसता. मग आम्ही कोणाचे वाईट केले?’ उत्तर आपल्या घरातच आहे. अधू मूल जन्माला आले तर आई त्याला दुप्पट माया देते. त्याचे जिणे उणे आहे असे कोणी तिला म्हणून पाहावे! पण मूल अधू व्हावे अशी इच्छा करून कोणी पाळणा बांधत नाही. जन्मलेल्याला जपणे हा धर्म, आणि दोष ठाऊक असून जन्म घडवणे ही निराळी गोष्ट. जे ‘स्पायडर’ आज जिवंत आहेत त्यांना मायेने सांभाळावे. त्यांची वीण थांबवावी. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने २०१८ साली आपल्या प्रदर्शनांत त्यांच्या विक्रीला बंदी केली, ती मला म्हणूनच योग्य वाटते.

हे परदेशी थेर म्हणून आपण नाक मुरडू नये. लोटण कबुतर आपल्याच देशातले. किंचित हलवून जमिनीवर ठेवले की ते कोलांट्या खात लोळत सुटते, कोणी उचलून शांत करीपर्यंत. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त त्याचा उल्लेख केला आहे, डार्विननेही १८६८ च्या ग्रंथात त्याची नोंद घेतली. पाखराच्या मज्जातंतूंत काहीतरी बिघडले होते. आपण त्याला खेळ मानला आणि पिढ्यान्पिढ्या जोपासला. नागपंचमीला दात पाडलेल्या, उपाशी ठेवलेल्या नागापुढे दुधाची वाटी सरकवणारे हातही आपलेच होते. साप दुधावर जगणारा प्राणी नव्हे, हे शाळेत शिकवूनही वाटी सरकतच राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडण्या-पाळण्याला आळा घातला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या विमानतळावर बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांतून बॉल पायथन निघालेच. हौस सरहद्द मानीत नाही.

सुंदर वस्तूचा मोह वाईट नव्हे. त्यावाचून सण कसला? रांगोळीची रेघ वाकडी गेली तर आपण ती पुसून पुन्हा काढतो, आणि कोणाचे काही बिघडत नाही. जिवाच्या अंगावर काढलेली नक्षी मात्र पुसता येत नाही. म्हणून ती काढण्याआधीच विचारावे, मोल कोण देणार? ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही त्याच्या पदरी ते पडणार असेल, तर माणसाने आपला हात आवरावा.