वेग आणि भावना

वैशेषिक दर्शनाचे आचार्य प्रशस्तपाद यांनी संस्काराचे तीन प्रकार सांगितले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. ढकललेल्या वस्तूला पुढे नेतो तो वेग. अनुभवातून उरते आणि आठवण जागी करते ती भावना. हे वाचताना मला बेळगावची आमची स्केटिंग रिंक आठवते. सिमेंटची गुळगुळीत जमीन, चाकांची घरघर, वळणावर “गुडघे वाकव गं!” ही सरांची हाक. आमच्या चार चाकी स्केटची युक्ती न्यूयॉर्कच्या प्लिम्प्टनने १८६३ साली काढली: अंग कललं की चाकं वळतात.

आज तिथे गाड्या उभ्या राहतात. शास्त्र म्हणतं, वेग मूर्त द्रव्यांत राहतो, भावना फक्त आत्म्यात. इथे मला आचार्यांशी, अतिशय आदराने, वाद घालावासा वाटतो. परवा दुसऱ्या एका रिंकवर नात स्केटिंग करत वळणावर आली आणि कठड्याबाहेर उभी असताना माझे गुडघे वाकले, डावा खांदा आत कलला. आठवण मागाहून आली. मग भावना होती कुठे? बौद्ध म्हणतील, आत्मा नकोच, संस्कारांचा प्रवाह पुरे. तेही पटत नाही. बेळगावच्या रिंकवरच्या त्या मुलीचा आनंद मला माझाच वाटतो, कुणा परक्या क्षणाचा नाही. आत्मा मी मानते. पण त्यात गुडघ्यांनाही जागा हवी.