कोंबडी कुणाची?

मामाचं घर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठाला, पैलतीराला शिरूर. मामीच्या सहा-सात गावरान कोंबड्या मी लहानपणापासून पाहत आलो. खुराडं तिचं, अंड्यांचे पैसेही तिचेच. मामा त्यांचा हिशेब विचारत नसे. मुंगसानं एखादी नेली की आठ दिवस मुंगसाचा उद्धार चालायचा.

मामेभावानं कंपनीशी करार करून पोल्ट्री टाकली तेव्हा पहिली गदा आली ती याच कोंबड्यांवर. शेडजवळ गावरान पक्षी नकोत, असं सुपरवायझरनं बजावलं. त्याचं चूक नव्हतं. बाहेर हिंडणाऱ्या कोंबडीनं मानमोडी आणली, तर शेडचं शेड आडवं होतं. मामीनं सगळ्या वाटून टाकल्या.

मग पिल्लं आली. एक दिवसाची, चाळीसेक ग्रॅमची, ५,००० नग. पक्ष्यामागं एक चौरस फूट जागा, खाली भाताचं तूस, पहिला आठवडा बल्बची ऊब. रात्री वीज गेली की अख्खं घर शेडात. पिल्लं, खाद्य, लस कंपनीची. शेड, पाणी, वीजबिल आणि जागरण आपलं. सहा आठवड्यांत पक्षी दोन किलोंच्या पुढं जातो, कंपनीची गाडी येते आणि किलोमागं संगोपनाचे पैसे मिळतात. किती खाद्यात किती वजन भरलं, त्यावर ते कमी-जास्त होतात. या हिशेबाचा ‘एफसीआर’ हा शब्द आता मामीच्याही तोंडी बसलाय. (यातला एकही कोंबडा आरवण्याच्या वयाला पोचत नाही. झाकायला कोंबडंच नाही, तांबडं आपलं आपण फुटतं.)

मला आठवली ती अर्धलीची रीत. शेळी एकाची, राखण दुसऱ्याची, करडं निम्मी-निम्मी. करार वरवर तसाच दिसतो. पण अर्धलीत राखणाऱ्याच्या दावणीला एखादं करडू उरायचं आणि पुढं त्याचाच कळप व्हायचा. इथं गाडी गेली की उरतं कोंबडखत. उसाला ते झकास, हे कबूल.

तरी कराराला सरसकट नावं ठेवायला मी धजत नाही. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला, २०२०मध्ये कोंबडीनं कोरोना होतो अशी आवई उठली. दोन्ही वेळा भाव कोसळले, आणि स्वतःच्या पैशानं पक्षी वाढवणाऱ्यांच्या अंगावर ते आले. मालकी म्हणजे असा घाटाही आपलाच. मामेभावाला तो नको होता. त्यानं शहाणपणानं मालकी सोडली आणि राखण पत्करली. मला खटकतं ते एवढंच, की त्या व्यवहारात मामीची मालकीही गेली, आणि ती कुणी मोजली नाही.

शेडात एक वही टांगलेली असते. रोजची मर तिच्यात लिहायची: ४, ७, ३. लिहिते मामीच. मेलेला पक्षीही हिशेबात धरायचा असतो, कारण तो कंपनीचा. मुंगसाला घातलेल्या शिव्यांसाठी वहीत रकाना नाही.

तिसाव्या दिवशी जावई आले. शेडात पाच हजारांच्या आतबाहेर पक्षी कलकलत होते. मामानं मोटरसायकल काढली, चौफुल्याला गेला आणि दीड किलो चिकन विकत घेऊन आला.